डॉ. द्वारकानाथ कोटणीस : लोकांनी पाठवलेला डॉक्टर

संध्याकाळी लालबर्ऱ्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसले की गप्पा धानाच्या भावावरून सुरू होतात आणि अर्ध्या तासात चीन, पाकिस्तान, अमेरिकेपर्यंत जाऊन पोहोचतात. लग्नाच्या पंगतीत आणि आपल्या मंडळाच्या कार्यक्रमानंतरही हेच होते. भारताने कोणत्या देशाशी कसे वागावे, याबद्दल प्रत्येकाचे ठाम मत असते. शेवटी एखादे वडीलधारे हसून विषय मिटवतात, की आपल्या मताला दिल्लीत कोण विचारतो!

प्रश्न खरा आहे. सामान्य माणसाच्या मताने दोन देशांच्या संबंधांत काही फरक पडतो का? याचे उत्तर एका मराठी डॉक्टरच्या आयुष्यात सापडते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. जुन्या पिढीने त्यांच्यावरचा चित्रपट पाहिला आहे. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता वारलेले डॉक्टर, एवढी ओळख पुष्कळांना असते. पण त्यांना चीनला कोणी पाठवले, कोणाच्या पैशाने पाठवले, आणि देश पारतंत्र्यात असताना हे शक्य तरी कसे झाले, हा भाग सहसा सांगितला जात नाही. दरवर्षी ९ डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी येते. त्या निमित्ताने ही हकीकत घरातल्या मुलांनाही कळावी म्हणून हा लेख.

सोलापूरचे घर

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. तीन भाऊ आणि पाच बहिणी. सोलापूर तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते. भोंग्यावर शहर उठे आणि भोंग्यावर जेवे. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात एवढा क्षोभ उसळला की इंग्रज सरकारने तिथे लष्करी कायदा पुकारला, आणि जानेवारी १९३१ मध्ये शहरातल्या चौघांना फाशी दिले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. आपल्या गावावर परकी सत्ता बंदुकीच्या जोरावर राज्य करते म्हणजे काय, हे त्या पिढीच्या सोलापूरकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

द्वारकानाथ मुंबईला सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकले आणि डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला की आईवडिलांच्या अपेक्षा काय असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दवाखाना निघावा, बहिणींची लग्ने व्हावीत, धाकट्यांची शिक्षणे पुरी व्हावीत. कोटणीसांच्या घरी यापेक्षा वेगळे काही असण्याचे कारण नव्हते. चीनची घरात माहिती एवढीच, की तिकडचे फेरीवाले दारावर रेशीम विकायला येतात.

परराष्ट्र खाते नसलेल्या देशाचे परराष्ट्र धोरण

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर उघड युद्ध लादले. काही महिन्यांत शांघाय आणि नानकिंग पडले. शहरांवर बाँब पडत होते, लाखो माणसे घरदार सोडून आत पळत होती.

भारताचे या बाबतीत अधिकृत मत काय, हे लंडनमध्ये ठरत असे. भारत राष्ट्रसंघाचा सभासद होता, पण तिथे भारताच्या नावाने बोलणारे इंग्रज सरकारने नेमलेले असत. तरीही लोकांना मत होतेच. १९३६ मध्ये काँग्रेसने स्वतःचा परराष्ट्र विभाग काढला आणि तो तरुण राममनोहर लोहिया यांच्याकडे सोपवला. राज्य हाती नाही, वकिलात नाही, पण जगाशी पत्रव्यवहार करणारे एक कार्यालय मात्र आहे, अशी ती स्थिती होती.

चीनच्या बाजूने लोकमत उभे करणे वाटते तेवढे सोपे नव्हते. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा आपल्याकडे आनंद झाला होता. एका आशियाई देशाने युरोपातल्या महासत्तेला नमवले, या गोष्टीने मराठी वर्तमानपत्रांनाही स्फुरण चढले होते. जपान म्हणजे आशियाचा आदर्श, असे एक पिढीभर घरोघरी मानले गेले. आता त्याच जपानला आक्रमक म्हणायचे होते. १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून आपल्या देशाच्या युद्धाचे समर्थन केले. रवींद्रनाथ जपानवर प्रेम करणारे होते, तरी त्यांनी ते समर्थन स्पष्ट शब्दांत नाकारले. दोघांची पत्रे प्रसिद्ध झाली आणि देशभर वाचली गेली.

दुसरी अडचण पोटाची होती, आणि ती थेट आपल्या भागाशी निगडित होती. वऱ्हाड-खानदेशातल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९३३ मध्ये भारत सरकारने जपानी कापडावरची जकात वाढवली तेव्हा जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस घेणेच बंद केले आणि भाव घसरले. १९३४ मध्ये दिल्लीत करार झाला. जपान जेवढा कापूस घेईल त्या मानाने त्याचे कापड इकडे येऊ द्यायचे, असे ठरले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आपल्या बालाघाट-भंडारा पट्ट्यातले मँगनीजही परदेशच्या पोलाद कारखान्यांसाठी जहाजात चढत असे, आणि गिऱ्हाइकांत जपान होता. भरवेलीच्या खाणीत घाम गाळणाऱ्या मजुराला आपण उकरलेला दगड कुठल्या तोफेत वितळतो, हे कळण्याचा मार्ग नव्हता. पण दुरून पाहिले तर युद्ध फार लांब नव्हते.

अशा वेळी ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि लोकांना जपानी माल न घेण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा अधिवेशनात त्याचा पुनरुच्चार झाला. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. बाजारात जपानी कापड आणि खेळणी सर्वांत स्वस्त मिळत. ती सोडायची म्हणजे गरिबाच्या खिशाला चाट, आणि जपान रुसला म्हणजे कापूसवाल्याला. परदेशाबद्दलच्या मताची किंमत कोणीतरी मोजत असतो. त्या वर्षी ती आपल्याच लोकांनी मोजायची होती.

चीन दिन आणि बावीस हजार रुपये

चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. चीनमध्ये डॉक्टर फार थोडे होते आणि जखमी अगणित. अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही नेहरूंकडे तोच आग्रह धरला. ३० जून १९३८ रोजी सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केले. युद्धाला वर्ष पूर्ण होत होते, ते निमित्त धरून ७ ते ९ जुलै हे दिवस चीन दिन आणि चीन निधीचे दिवस म्हणून पाळायचे ठरले. सभा झाल्या, पेट्या फिरल्या. सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून डॉक्टरांचे पथक, औषधे आणि एक रुग्णवाहिका पाठवायची होती.

त्या महिन्यातला आपला मध्य प्रांत आठवून पाहा. बालाघाट जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. जुलै १९३८ मध्ये नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ कोसळले आणि पंडित रविशंकर शुक्ल प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मराठी जिल्हे आणि हिंदी जिल्हे यांच्यातली जुनी कुरबूर त्या वादात पुन्हा वर आली. घरात एवढी भांडणे चालू असताना हजारो मैलांवरच्या जखमींचा विचार कोण करणार? तरी ज्या पाच डॉक्टरांची निवड झाली, त्यांत नागपूरचे एक ज्येष्ठ डॉक्टर होते, डॉ. मोरेश्वर चोळकर. पथकाचे ते उपप्रमुख. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, ज्यांनी यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केली होती. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी होते. तिथल्याच आणखी एका डॉक्टरांची निवड झाली होती, पण सरकारने त्यांना पासपोर्ट दिला नाही, म्हणून त्यांच्या जागी डॉ. बिजयकुमार बासू आले. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस, वय अठ्ठावीसच्या आत.

म्हणजे पाचांत दोन मराठी होते. एक आपल्या नागपूरचा अनुभवी, दुसरा सोलापूरचा तरुण. द्वारकानाथांनी स्वतःहून अर्ज केला होता. आईला हे जड गेले, यात नवल नाही. वडील मात्र मुलाच्या पाठीशी राहिले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून राजपुताना नावाची बोट निघाली आणि कोटणीसांनी मायभूमीचा जो निरोप घेतला, तो कायमचा ठरला.

येनानपर्यंत

पथक हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले. चीनचे राष्ट्रपुरुष डॉ. सन यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग स्वागताला हजर होत्या. तिथून पुढचा प्रवास म्हणजे मागे लागलेल्या युद्धापासून एकेक पाऊल पुढे राहण्याची धडपड होती. ऑक्टोबरमध्ये कँटन पडले. पथक हांकौला इस्पितळांत काम करत होते, तेही शहर पडले. यांगत्सी नदीच्या काठाने सरकत सरकत ते चुंगकिंगला गेले.

शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे हुआ हे अक्षर होते. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

याच काळात सोलापूरहून वडील वारल्याची बातमी आली. घरावर कर्जाचा भार होता. मोठे कुटुंब उघडे पडले होते, आणि परत जाण्याची मुभा होती. परत गेले असते तर कोणीही नाव ठेवले नसते. त्यांनी राहायचे ठरवले. हा निर्णय थोर होताच, पण त्याचा भार सोलापूरच्या घरानेही वाहिला, हे विसरू नये. देशाच्या वतीने एक माणूस पुढे जातो तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या घरानेही काही दिलेले असते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. हे माओ त्से तुंग आणि त्यांच्या साथीदारांचे ठाणे. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा, त्यांतच घरे, त्यांतच शाळा आणि त्यांतच इस्पितळ. औषधे अपुरी, थंडी कडाक्याची. भाषेचा एक शब्द येत नव्हता. त्याच वर्षी डॉ. मुखर्जी आजारपणामुळे आणि डॉ. चोळकरही भारतात परतले. पुढे डॉ. अटल परतले. बासू आणि कोटणीस राहिले.

आपल्याकडेही त्या काळात मोठ्या घडामोडी होत होत्या. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गोंदिया-जबलपूर छोट्या गाडीच्या रस्त्यावरचे आपले बालाघाट तिथून फार लांब नाही. पथक पाठवणारे सुभाषबाबू तिथे पुन्हा अध्यक्ष म्हणून आले, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. देशातले राजकारण फिरले. पण चिनी डोंगरात गेलेल्या डॉक्टरांना परत बोलवा, असे कोणी म्हटले नाही.

पाचशे अठ्ठावन्न शस्त्रक्रिया

१९३९ च्या अखेरीस कोटणीस आघाडीच्या प्रदेशात गेले. पुढच्या वर्षी ते शत्रूच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ भागात पोहोचले. तिथे रेल्वे जपान्यांच्या ताब्यात, शहरे जपान्यांच्या ताब्यात, आणि मधली खेडी व डोंगर चिनी फौजांकडे. इस्पितळ म्हणजे शेतकऱ्याचे घर किंवा देऊळ. शत्रू जवळ आला की रुग्णांना खाटेसकट उचलून दुसऱ्या गावी न्यायचे.

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी फौजांनी मोठी मोहीम उघडली. तिच्यात तेरा दिवसांत कोटणीसांच्या पथकाकडे सुमारे ८०० जखमी आले आणि त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या. हिशेब केला तर दिवसाला चाळिसाहून जास्त होतात. एकदा तर ७२ तास ते झोपले नाहीत. ज्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केली आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ अधिक कळेल.

त्या भागात त्यांच्याआधी नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक काम करून गेले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांची नेमणूक झाली. तोपर्यंत ते चिनी भाषा बोलू, वाचू आणि शिकवू लागले होते. नव्या परिचारकांना आणि डॉक्टरांना ते चिनी भाषेतून शिकवत. शल्यचिकित्सेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतले होते.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच परिचारिका-शिक्षिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन देशांच्या मैत्रीबद्दल नेते भाषणे करतात, या घरी मैत्रीचे बारसे झाले होते.

त्याच जुलैमध्ये कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले होते. आपल्याकडे त्यांचे चरित्र सांगताना हा भाग पुष्कळदा गाळला जातो. तो गाळण्याचे कारण नाही. काँग्रेसच्या पथकातून गेलेला एक तरुण तिथल्या माणसांबरोबर राहून तिथलाच झाला. त्यांचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ज्या जखमींवर त्यांनी उपचार केले त्यांच्याबद्दल मतभेद होण्यासारखे काही नाही.

शरीर मात्र थकत होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी आघाडी सोडून जाण्याचा सल्ला वरिष्ठांनी दिला, तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातल्या तांग परगण्यात, गेगोंग नावाच्या खेड्यात त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. हाती घेतलेले पुस्तक अपुरे राहिले.

बातमी आली तेव्हाचा देश

त्या डिसेंबरमध्ये नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. छोडो भारत आंदोलनामुळे देशातले बहुतेक नेते तुरुंगात होते. आणि पथक पाठवणारे सुभाषबाबू जर्मनीत होते. काही महिन्यांनी ते पाणबुडीतून निघून जपानला पोहोचले आणि जपानच्या मदतीने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करू लागले. जपानच्या आक्रमणाविरुद्ध डॉक्टर पाठवणारा नेता पाच वर्षांनी जपानच्या साहाय्याने इंग्रजांशी लढतो आहे, आणि त्याने पाठवलेला डॉक्टर जपानी गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता वारला आहे. यातले कोणाचे देशप्रेम कमी होते, असे म्हणता येणार नाही. आपल्या अनेक घरांत नेताजींची तसबीर आहे, आणि त्याच घरांत कोटणीसांची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. परदेशासंबंधीचे मत एका सरळ रेषेत जात नाही, हे या दोन आयुष्यांकडे शेजारी शेजारी पाहिले की कळते.

डॉ. बासू १९४३ मध्ये परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांच्या जीवनावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी आणि पत्नीची भूमिका जयश्रींनी केली. आपल्याकडच्या घराघरांत हे नाव पोहोचले ते त्या चित्रपटामुळे.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५० पासून भारत आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. १९५४ मध्ये पंचशील करार झाला. भाई-भाईच्या घोषणांनी रस्ते दुमदुमले. त्या काळी कोटणीसांचे नाव प्रत्येक सभेत निघत असे. मग २० ऑक्टोबर १९६२ उजाडला. एका महिन्याच्या युद्धाने सगळे उलटले. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. त्यानंतर अठरा दिवसांनी, ९ डिसेंबरला, कोटणीसांची विसावी पुण्यतिथी होती. ज्या सैन्याच्या जखमींसाठी त्यांनी देह ठेवला, त्याच सैन्याच्या वारसांनी आपले जवान मारले होते. त्या दिवशी या माणसाची आठवण कोणत्या तोंडाने काढायची, हा प्रश्न साऱ्या मराठी मुलखाला पडावा असाच होता. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

चीनमध्ये त्यांची समाधी शिजियाच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. सोलापुरातले त्यांचे घर आज स्मारक आहे. चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत आले आहेत. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. गुओ छिंगलान पुढे अनेक वेळा सासरच्या माणसांना भेटायला भारतात आल्या, आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. सरकारांचे जमले नाही त्या काळातही त्यांनी ते नाते मानले.

आपल्यापुरते

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपल्या मताला कोण विचारतो?

१९३८ मध्ये तर विचारणारे कोणीच नव्हते. मतदानाचा हक्क मूठभरांना, परराष्ट्र धोरण लंडनला, पासपोर्ट इंग्रज अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तरीही लोकांनी पेटीत आणे टाकले आणि त्या आण्यांतून पाच डॉक्टर गेले. पुढे सरकारे आली आणि गेली, मैत्री झाली, मोडली, लढाई झाली. त्या लोकांनी पाठवलेल्या डॉक्टरचे नाव मात्र दोन्ही देशांत टिकले. सरकारच्या तारा आणि करार यांच्या आधी लोकांनी स्वतःहून केलेली ती एक गोष्ट होती, म्हणून ती टिकली.

आपल्याला सीमेचा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. वैनगंगेचे पाणी तेच राहिले, मामा-मावशीची गावे तीच राहिली, पण मधून एक रेघ गेली. मुले शाळेत हिंदी शिकली, घरात मराठी बोलली. गोंदिया-तुमसरशी सोयरिकी तुटल्या नाहीत, कारण त्या नकाशावर कधी अवलंबून नव्हत्या. राज्याची सीमा आणि देशाची सीमा यांत मोठा फरक आहे, हे खरे. देशाच्या सीमेवर आपली मुले पहारा देतात आणि तिथे चूक झाली तर प्राण जातात. म्हणून तिथे जपूनच असले पाहिजे. पण रेघेच्या पलीकडे माणसे राहतात, एवढे तरी आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोटणीसांच्या चरित्राने भोळेपणा शिकू नये आणि द्वेषही शिकू नये. त्यांनी चीनवर प्रेम केले म्हणून चीनच्या आजच्या राज्यकर्त्यांवर विश्वास टाकायला हवा, असे नाही. आणि १९६२ घडले म्हणून १९४२ पुसले जात नाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही लक्षात ठेवून बोलता येते.

पुढच्या वेळी टपरीवर किंवा पंगतीत अमक्या देशाचा माल बंद करा, तमक्यावर चाल करा, असे कोणी म्हटले की त्याची किंमत कोण मोजणार, हा एक प्रश्न जरूर विचारावा. कापूस पिकवणारा, खाणीत उतरणारा, सीमेवर उभा असलेला, की ज्याचा मुलगा परत येणार नाही असे एखादे घर? १९३८ मध्ये चीनच्या बाजूने बोललेल्या लोकांनी आपल्या पदरचे काही दिले होते, आणि सोलापूरच्या एका घराने सर्वांत जास्त दिले.

येत्या ९ डिसेंबरला मुलांना जवळ बसवून ही गोष्ट सांगावी. नकाशा समोर ठेवावा. त्यावर आधी सोलापूर दाखवावे, मग नागपूर, मग आपले लालबर्रा, आणि मग उत्तर चीनमधल्या डोंगरातले ते खेडे, जिथे एक मराठी डॉक्टर चिनी भाषेत शिकवत होता.